बांध घातल्याचा दिवस

तुमच्या गावच्या नदीला हिवाळ्यात पूर्वीपेक्षा जास्त पाणी असतं की कमी? थांबा, लगेच उत्तर देऊ नका. आधी हे सांगा, की जे उत्तर तुमच्या ओठांवर आलंय ते तुम्हाला कुणी दिलं? नदीनं, की नदीवरच्या एखाद्या भाषणानं?

प्रश्न भांडणाच्या सुरात आला असेल तर माफ करा, घरची सवय आहे. माझे वडील, आबा, लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पाळीवर जायचे आणि पाळी नसेल तेव्हा पत्रकं लिहायचे. कामगारांच्या हातमोज्यांवर, खाडीत सोडलेल्या पाण्यावर, कॅन्टीनच्या डाळीवर. त्या पत्रकांच्या घड्या मी घालायची आणि आबा ती कंपनीच्या बसमध्ये सीटसीटवर ठेवायचे. मला वाचता येऊ लागलं ते त्या घड्या घालता घालता. ‘बंधूंनो’ हा शब्द मी ‘कमळ’च्या आधी शिकले. शाळेत बाईंनी ‘माझी आई’वर निबंध लिहायला सांगितला तर मी शेवटी ‘आईच्या मागण्या’ असं लिहून त्या मांडल्या होत्या.

अशा घरातल्या मुलीनं कुठलं काम धरावं? मी रत्नागिरीत, एका औषधाच्या दुकानावरच्या खोलीत बसून, पुण्याच्या एका संशोधन संस्थेसाठी उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्राला मिळणाऱ्या नद्यांचे आकडे तपासते.

हे ऐकून लोक आधी हसतात आणि मग काळजीनं विचारतात, “कायमचं आहे का काम?” आमच्या दारावर कुणीतरी हौसेनं गोठलेल्या नदीचं मोठं छायाचित्र लावलंय. ते पाहून एकदा मिरकरवाडा बंदरातली एक मासेवाली जिना चढून वर आली. घामाघूम. “लाद्या भेटतील काय? आमची बर्फाची फॅक्टरी आज बंद हाय.” मी म्हटलं, मावशी, आमचा बर्फ सायबेरियात आहे. ती छायाचित्राकडे जरा वेळ बघत राहिली. “मग तवर मासली टिकायची नाय,” म्हणाली आणि पाणी पिऊन उतरली.

तिला जे सांगायला वेळ मिळाला नाही ते तुम्हाला सांगते. उत्तरेकडच्या काही प्रचंड नद्या उत्तरेलाच वाहतात आणि ध्रुवाजवळच्या समुद्राला मिळतात. गोडं पाणी हलकं, ते खाऱ्यावर पसरतं. आपल्या खाडीत पावसाळ्यात हेच होतं, वर गोडं आणि खाली खारं, जाळं टाकणाऱ्या कुणालाही विचारा. तिथे तेच सबंध समुद्राच्या मापानं होतं. वरच्या गोड्या थराचा तिथल्या बर्फावर परिणाम होतो, आणि समुद्राच्या आतून दूरवर वाहणाऱ्या प्रवाहांवरही. म्हणून त्या नद्या किती पाणी आणतात हे जगाच्या काळजीचं आहे. लांबलचक काळाच्या नोंदी बघितल्या तर त्यांतल्या बऱ्याच नद्या पूर्वीपेक्षा जास्त पाणी आणताहेत असं दिसतं, आणि हिवाळ्यातली वाढ अधिक ठळक. का? हिम आणि पाऊस वाढला म्हणून? कायमची गोठलेली जमीन सैल पडतेय म्हणून? की वरच्या अंगाला बांधलेली धरणं उन्हाळ्याचं पाणी धरून हिवाळ्यात सोडतात म्हणून? बहुधा सगळंच थोडं थोडं. पण कुणाचा वाटा किती, हे सोडवायचं तर आधी आकडे खरे हवेत. तिथे आमचा जिना लागतो.

नदी मोजतात कशी, ते सोपं आहे. काठावर एक मापपट्टी रोवतात. रोज पाण्याची उंची वाचतात. अधूनमधून कुणीतरी प्रत्यक्ष पाण्यात उतरून, एक लहानसं फिरतं चाक पाण्यात धरून, वेग मोजतं. उंची इतकी असली की पाणी इतकं वाहतं, असा मेळ एकदा बसला की रोज नुसती उंची वाचून भागतं. फसगत होते ती याच मेळात. पट्टी वाकते, पात्र गाळानं भरतं, कुणी खाली दगड रचतं. उंची वाढते आणि आकडा म्हणतो नदी वाढली. नदीला पत्ताही नसतो. माझं काम म्हणजे नदीचं बोलणं कुठलं आणि पट्टीचं कुठलं, ते वेगळं काढणं.

हे मला ल्युदानं शिकवलं. ल्युदा त्या उत्तरेतल्या एका नदीवर मोजणी करते, माझ्याहून पुष्कळ मोठी, जाड भुवयांची बाई. आमची गाठ कामापुरती, संगणकावर. तिचं इंग्रजी मोडकं, माझंही, उरलेलं फोनमधल्या भाषांतरावर. पहिल्याच महिन्यात मी तिच्याशी भांडले. तिच्या नदीच्या हिवाळी नोंदींत एकसारखी उंची ओळीनं कितीतरी दिवस लिहिलेली दिसली. मला वाटलं, वाचणारा घरी शेगडीपाशी बसून आकडे भरतोय. मी तसं लिहिलं, आबांच्या सुरात. ल्युदानं थेट व्हिडिओ कॉल लावला. केसांवरचं हिम झटकायलाही थांबली नव्हती.

“तुझ्या गावात बर्फ नाही, हो ना?”

“नाही.”

“मग ऐक. बर्फाखालची नदी घाई करत नाही. ती झोपते. झोपलेल्या बाईला तू रोज विचारशील का, काल किती हललीस?”

मग तीच हसली. “पण तुझा राग मला आवडला. आकड्यांवर रागावणारं कुणी असावं.”

त्या दिवशी तिनं मला बर्फाचं गणित सांगितलं. नदीवर बर्फाचं झाकण बसलं की पाणी खाली घासत, अडखळत जातं आणि मागे फुगतं. पट्टीवर उंची वाढते, पाणी मात्र तेवढंच किंवा कमी. उन्हाळ्याचा मेळ हिवाळ्याला लावला तर नदी दुप्पट झाल्यासारखी वाटेल. त्या फुगवट्याचा आकार माझ्या डोळ्यांत बसला: नोंदींच्या रेषेवर हिवाळा लागताच एक पायरी वर, मग सपाट, मग वसंतात उधळण.

आता माझ्या गावाकडे या. आमच्या कार्यालयाकडे जिल्ह्यातल्या काही लहान नद्यांच्या पट्ट्याही आहेत. त्यांतली एक राजापूरपासून आत, माझ्याच वाडीखाली, अर्जुना नदीला मिळणाऱ्या आमच्या छोट्या नदीवर. ती रोज वाचते वनिताकाकी. तिचा भाजीचा मळा नदीला लागून, लाल माठ, मुळा, पावटा, सगळं राजापूरच्या बाजारात जातं. ती सकाळी मळ्यात उतरताना पट्टी वाचते आणि मला फोनवर कळवते. गेल्या वर्षी मी आमच्या नदीच्या जुन्या नोंदी एका रेषेत काढल्या आणि खुर्चीत मागे रेलले. रेषेवर हिवाळ्यात एक पायरी वर, मग सपाट. ल्युदाच्या नदीसारखी हुबेहूब. राजापुरात बर्फ!

मग मला एकटीलाच हसू फुटलं. देवदिवाळीच्या आसपास आमची वाडी नदीवर बांध घालते. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, आडव्या रचायच्या, मागे पाणी तुंबतं. गुरांना होतं, विहिरींना पाझर मिळतो, मळे शिमग्यापर्यंत तगतात. आणि तो बांध येतो पट्टीच्या जरा खालच्या अंगाला. लहानपणी त्या गोण्यांची तोंडं मी स्वतः शिवली आहेत. पण आमच्याकडे बांध घालणं हे सण येण्यासारखं असतं. सण आला हे कुणी कुणाला कळवत नाही. काकीला आम्ही विचारायचो पाणी किती, ती सांगायची. का वाढलं ते आम्ही विचारलं नाही, आणि वाडीतल्या कुणालाही, मलासुद्धा, ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

मी हे पुण्याच्या साहेबांना कळवलं. न कळवून कसं चाललं असतं? साहेब भले गृहस्थ, पण सरळ म्हणाले, “मग बांध असतो तेवढ्या महिन्यांची नोंद कामाची नाही. बांध हलवायला सांगा, नाहीतर ती पट्टी बंद करू. दुसरीकडे लावू.”

बांध हलणार नव्हता. वर कातळ, खाली पात्र रुंद, गोण्या बसतात त्या तिथेच. आणि बांधाचे पुढारी कोण? निवृत्त होऊन गावी आलेले आबा.

सरळ घरी जाऊन बोलायचं सोडून मी काय केलं? पत्रक काढलं. ‘नदीचं खरं ऐका!’ असा मथळा. पट्टी का हवी, लांब काळाची नोंद म्हणजे काय, बांध थोडा हलवता येईल का. एसटीच्या थांब्यावर चिकटवलं आणि रत्नागिरीला परतले. पुढच्या खेपेला उतरले तर माझ्या पत्रकाशेजारी दुसरं. ‘नदीचं खरं ऐकणाऱ्यांनो, गुरांचंही ऐका!’ अक्षर ओळखायला जवळ जावं लागलं नाही. खाली मागण्या होत्या. उद्गारचिन्हं माझ्यापेक्षा जास्त होती.

घरी आबा जेवायला वाढत होते. आई गेल्यापासून तेच वाढतात.

“वाचलंस?” त्यांनी विचारलं.

“वाचलं. तिसरा मुद्दा कच्चा आहे.”

“तुझा दुसरा कच्चा आहे. आमटी घे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी काकीनं आम्हा दोघांना नदीवर बोलावून घेतलं. दोन्ही पत्रकं थांब्यावरून सोलून आणली होती, एकात मुळे बांधले होते, दुसऱ्यात माठ.

“बापूस नि लेक एका घरात जेवता,” ती म्हणाली, “आणि भांडण एसटीच्या थांब्यावर चिकटवता? गाडीची वाट बघणारी माणसं वाचून हसतात. माझ्या सुनेच्या माहेरपर्यंत पोचलं.”

“वैचारिक मतभेद आहे तो, वनिता,” आबा म्हणाले.

“तो घरात ठेवा. आणि मला विचारलंत काय कुणी? बांध नाय, तर माझा मळा जातो. पट्टी नाय, तर माझी सकाळ जाते.”

“सकाळ?” मी विचारलं.

“होय गो. घरात कोण हाय माझ्या? पोरगा-सून मुंबईस. उठून कुणाची तरी विचारपूस करावी असं माणसाला वाटतं. मी नदीची करते. काय गो, किती आज? ती सांगते. मी तुला सांगते. तू तिथं ऐकतेस.” ती पट्टीवर हात ठेवून उभी होती, गोठ्यातल्या गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. “आता दोघांतलं एक सोड म्हणता. दोन डोळ्यांतला एक काढ म्हटलं तर काढशील?”

आबांनी मुळ्याचं पान तोडलं. मी ल्युदाच्या नदीचं सांगायला लागले: बर्फ कसा बसतो, पाणी कसं मागे फुगतं, रेषा कशी आपल्यासारखीच दिसते.

“म्हणजे बर्फ त्यांचा बांध,” आबा म्हणाले.

“तसंच.”

“मग ते बर्फाला काय सांगतात? जरा हल म्हणून?”

“बर्फाला कोण काय सांगणार, आबा?”

“मग आम्हालाच कशाला सांगतेस?”

इतकी वर्षं मी या माणसाशी वाद घालतेय. कारखान्याच्या व्यवस्थापकांना त्यांच्यापुढे घाम का फुटायचा, ते मला त्या सकाळी नदीवर कळलं.

मी रत्नागिरीला येऊन ल्युदाला फोन लावला आणि आमच्या बांधाचं सांगितलं. बर्फ असताना खरं पाणी कसं काढता, नीट सांग. तिनं सांगितलं: बर्फ धरला तो दिवस लिहायचा. सुटला तो दिवस लिहायचा. मध्ये जमेल तेव्हा चालत जाऊन बर्फाला भोकं पाडायची, चाक खाली सोडायचं, वेग मोजायचा आणि त्या दिवसांचा मेळ वेगळा बसवायचा. झाकणासकट नदी मोजायची.

“किती वेळा मोजायचं?”

“जितकी तिची काळजी असेल तितक्या वेळा.” मग थांबून म्हणाली, “तुमच्या बर्फात माती आहे ना? मग पाणी बाहेर पडायला भोकं तुमच्याच माणसांनी ठेवलेली असतील, तिथे मोजा. सोपं आहे.”

साहेबांना मी पत्रकाविना, साध्या वाक्यांत, सगळं समजावलं. ते बराच वेळ हूं हूं करत राहिले. “एक हंगाम बघू,” म्हणाले. “पण मला बांध घातल्याचा दिवस हवा आणि फोडल्याचा. देवदिवाळीच्या आसपास, शिमग्याच्या आधी, असलं काही चालणार नाही.”

बांध घालायच्या आदल्या दिवशी आम्ही मोजणी केली. आबा अर्धी चड्डी घालून दोरीचं एक टोक धरून पलीकडच्या काठाला, मी चाक घेऊन पाण्यात, काकी काठावर. वाडीतली माणसं कामं टाकून बघायला आली होती. दोरी हलली की आबांना सगळे ओरडत होते, कारखान्यातल्या कुठल्याही साहेबानं ओरडलं नसेल इतकं.

दुसऱ्या दिवशी मी रत्नागिरीला होते. काकीचा फोन आला. मागे माणसांचा गलका.

“बाय, पहिली गोण पडली. लिही. आज. आसपास नाय, आजच.”

पाणी तुंबून बांधावरून सांडायला लागल्यावर गावी जाऊन परत मोजलं. पट्टीवर उंची काकीच्या गुडघ्याएवढी चढली होती. बांधाखाली, सांडलेलं आणि झिरपलेलं पाणी एकत्र होतं तिथे, चाक धरलं. वाहणारं पाणी जवळपास आधीइतकंच.

आबा हिरमुसले. “एवढं करून नदी वाढली नाय?”

“थांबली, आबा. वाढली नाही.”

“मग आटतेय, असं तरी लिही. त्यावर जबरदस्त पत्रक होईल.”

“आटतेय की नाही, अजून माहीत नाही. अशा एक-दोन मोजण्यांवरून कळत नाही. खूप वर्षं मोजावं लागेल.”

“तेवढा मी असेन काय?”

ते सहज बोलले. मला मात्र चाक पेटीत ठेवताना पेटीचा खटका लागेना. काकीनं माझ्या हातातून ती घेतली, खटका लावला आणि आबांना म्हणाली, “तुम्ही नसाल तर पट्टी असेल. तिला सांगून ठेवू, विचारत होते म्हणून.”

“पत्रक लिहून ठेवतो,” आबा म्हणाले. “पट्टीला उद्देशून.”

मला पत्रकांची लाज कधी वाटली नाही, आजही नाही. पण पत्रकात पहिल्या ओळीलाच निकाल असतो आणि नदीकडे निकाल नसतो, नुसते दिवस असतात. नदी मेली म्हणून सभा गाजवणारे आणि नदीला काहीच झालेलं नाही म्हणत खुशाल धूर सोडत राहणारे कारखानदार, दोघांनाही मी आता एकच विचारते: मोजली होती का? कधी? त्या दिवशी खाली बांध होता का?

त्या वसंतात ल्युदानं मला एक आवाज पाठवला. तिच्या नदीवरचा बर्फ फुटतानाचा. आधी लांबून दरवाजे आपटल्यासारखं, मग करकर, मग अखंड गडगडाट. मी तो आबांना फोनवर ऐकवला. ते डोळे मिटून ऐकत राहिले आणि म्हणाले, “परत लाव.” काकीनं फक्त विचारलं, “तिनं दिवस लिहिला ना?”

लिहिला होता. तिच्याकडून माझ्यापर्यंत पोचलेला तो शेवटचा दिवस. पुढे देशादेशांत बिनसलं, आकड्यांची देवाणघेवाण थांबली, तिच्या कार्यालयानं बाहेर काही पाठवायचं बंद केलं. ल्युदाचा एक ओळीचा निरोप आला: मी मोजते आहे, फक्त पाठवता येत नाही. त्यानंतर तोही रस्ता बंद झाला. राग कुणावर काढू? नदी समुद्रात पाणी टाकायची थांबलेली नाही. समुद्र सगळ्यांचा आहे, त्यात काय येऊन पडतं ते कळण्याचा हक्कही सगळ्यांचा असायला हवा. हे वाक्य आबांच्या पत्रकात शोभेल, आणि मला ते दुरुस्त करायचं नाही.

माझ्यापुढच्या तक्त्यात तिच्या नदीची ओळ तिथून रिकामी आहे. शेजारच्या नद्यांवरून अंदाज बांधून ती भरता येते, लोक भरतात, आणि अंदाज म्हणून स्पष्ट लिहिलं तर त्यात खोटं काही नाही. मी अजून भरलेली नाही. कुणीतरी तिथे बर्फाला भोक पाडून उभं आहे, चाक खाली सोडून. ती जागा तिची आहे.

आमची पट्टी राहिली. साहेबांनी आणखी एक हंगाम दिला आहे. शिमग्याआधी बांध फोडला तेव्हा काकीनं कळवलं, “सुटली.” कुठल्या दिवशी, हे विचारायची वेळ तिनं माझ्यावर येऊ दिली नाही. तेही सांगितलं.

हा दिवाळी अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा देवदिवाळी जवळ आली असेल. तुमच्याही वाडीत गोण्या भरल्या जातील, आणि जाव्यातच. बांध घाला, गुरांना पाणी होऊ दे, मळे तगू देत. माझं मागणं एवढंच आहे. पहिली गोण पडेल तो दिवस नदी ओलांडायच्या साकवाच्या खांबावर, नाहीतर काठावरच्या कातळावर, रंगानं लिहा. त्या दिवशी पाणी कुठवर होतं तिथे एक रेघ मारा. बांध फोडाल तेव्हा त्याखाली तोही दिवस लिहा. नदीवर पट्टी असेल तर ती वाचणाऱ्या माणसाला हाक मारून सांगा. पुढच्या वर्षी पुन्हा, त्याच कातळावर. तुमची मुलं वाचतील, त्यांच्यानंतरची वाचतील, आणि नदी वाढली की आटली याचं उत्तर त्यांना कुणाच्या भाषणातून घ्यावं लागणार नाही.

फक्त ‘आसपास’ लिहू नका.